यादीतलं पहिलं नाव

४ मार्च

डॉक्टरांनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. आज १३८/८६. पण दोन आकड्यांसाठी अख्खं पान घालवणं जिवावर येतं. एकोणीस वर्षं साचेखात्याचा, म्हणजे मागांच्या विभागाचा, उपप्रमुख म्हणून पाळीचा अहवाल लिहिला, तेव्हा दिवसभरात काय घडलं तेही लिहीत जावं म्हणतो.

आज घडलेलं असं, की आमच्या बंद पडलेल्या कापडगिरणीत टीव्ही मालिकेचं चित्रीकरण होणार आहे. वस्ती समितीने फळ्यावर नोटीस लावली आहे. १९९८ साल दाखवायचंय, जुन्या कामगारांनी मदत करावी.

घरी येऊन बायकोला, छुन्लानला, सांगितलं. ती कणीक मळत होती.

"अठ्ठ्याण्णवच का?" ती म्हणाली.

"त्या काळचे कपडे लोकांना आवडत असतील."

"त्या काळी आम्हाला घरी बसवलं, ते आवडत असेल," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी ही बाई थट्टा करते की खरं बोलते ते मला ओळखता येत नाही.

८ मार्च

महिला दिन. पूर्वी आजच्या दिवशी गिरणीतल्या बायकांना अर्धी रजा आणि एक टॉवेल मिळायचा.

हुओ नावाची मुलगी घरी आली. मालिकेची लेखिका तीच, तिशीचीसुद्धा नसेल. मी कागदावर मुद्दे काढून ठेवले होते: साच्यांची संख्या, पाळीगणिक उत्पादन, शहाऐंशी साली मिळालेली ढाल. तिने सगळं अदबीनं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवून विचारलं, "काकू, तुम्ही किती साचे सांभाळायच्या?"

"चोवीस."

"एकट्या?"

"एकटीच. जोडीला कुणी दिलं की मध्ये मध्ये येतं."

हुओने पर्समधून दोरा काढला आणि तुटलेला धागा कसा जोडायचा ते विचारलं. छुन्लानने हात पुसले. गाठ मारताना तिने दोऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहत होती हुओकडे. सव्वीस वर्षं तिने सुताला हात लावलेला नाही. हुओने गाठ नखाने चाचपली, तर तिला ती सापडेना.

नायिकेला साचा चालवायला शिकवण्यासाठी उद्यापासून छुन्लान जाणार. रोजची गाडी, दुपारचं जेवण, मानधन. मला सल्लागार म्हणून कुणी विचारलं नाही. जाताजाता हुओ म्हणाली, "काका, गर्दीच्या दृश्यांत तुम्ही उभे राहाल का? चेहरा चांगला आहे तुमचा, त्या काळातला."

१५ मार्च

१४६/९०. छुन्लान सातला निघते, संध्याकाळी येते. दुपारी मी स्वतः शेवया उकडल्या. त्यांचा गोळा झाला. मिरचीचं तेल घालून खाल्ला.

रात्रीच्या जेवणानंतर यिंगचा फोन आला. मुलगी आमची, छंग्दूला असते. कंपनी तिला शेन्झेनच्या शाखेची प्रमुख करते आहे, एका वर्षासाठी. जावई गाओ म्हणतो, आमच्या छोट्या नातीकडे, मान्मानकडे, कोण पाहणार, दोघांपैकी एकाने मागे राहायला हवं.

मी तिला समजावलं. "संसारात एकाला मागे राहावंच लागतं, बेटा. त्यात कमीपणा नाही."

"एकाला म्हणजे मलाच ना, बाबा?"

"गाओचं तिथे बस्तान बसलेलं आहे."

"माझं काय उधळलेलं आहे का? माझं पद त्याच्यापेक्षा मोठं आहे."

"प्रश्न पदाचा नाही, घराचा आहे."

ती म्हणाली, विचार करते. छुन्लान गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "हे वाक्य तू आधी पण एकदा म्हणाला होतास."

"कोणतं?"

"एकाला मागे राहावं लागतं, ते."

मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "असेल." आणि टॉवेल मागितला.

१९ मार्च

१५८/९६. कारण आहे.

छुन्लान संहितेची पानं घरी घेऊन आली. हुओने तिला सांगितलंय म्हणे, त्या काळची माणसं अशीच बोलायची का ते तपासून द्या. छुन्लानचा चष्मा जुना झालाय, म्हणून वाचायला मी. नायिकेची वाक्यं ती ऐकून ऐकून बोलायची, नवऱ्याची मी वाचायची. वीस-एक पानं मजेत गेली. नवरा साचेखात्यात साहेब, बायको आदर्श कामगार, फळ्यावर फोटो वगैरे.

एकतिसाव्या प्रसंगात समिती बसते. गिरणीतून माणसं कमी करायची आहेत. नवरा-बायको दोघे कामाला असतील तर एकाने 'स्वखुशीने' घरी बसायचं, असा नियम. प्रमुख म्हणतो, सुरुवात साहेबांनी आपल्या घरापासून केली तर बाकीचे कुरकुर करणार नाहीत. आणि हा नवरा पेन उचलतो आणि बायकोला न विचारता तिचं नाव लिहितो. यादीतलं पहिलं नाव. तिच्या अर्जावर सहीऐवजी तिच्या नावाचा शिक्काही हाच मारतो. घरी जाऊन सांगतो, वरून यादी आली.

मी थांबलो.

"वाच ना," छुन्लान म्हणाली.

"डोळे दुखतायत."

"दोनच ओळी राहिल्यात."

वाचल्या. आवाज नीट आला असावा. ती म्हणाली, "हं, असंच बोलायचे," आणि पानं गोळा करून पिशवीत ठेवली.

इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर रक्तदाबाचा अर्थ लागणार नाही. जून अठ्ठ्याण्णवमध्ये मीही तेच केलं. तेव्हा खोलीत तिघे होतो. प्रमुख २००९ साली वारले. राहिले समितीतला पांग आणि मी. छुन्लानला यातलं काही ठाऊक नाही, हीच काय ती देवाची कृपा. लेखकांना अशा गोष्टी सुचतात. देशभर शेकडो गिरण्या होत्या, शेकडो समित्या बसल्या असतील. पण शिक्का? शिक्क्याचं कुणाला सुचेल?

२१ मार्च

पांगला मटणाच्या रश्श्याला बोलावलं. रोटीचे तुकडे करता करता विचारलं, हुओ नावाची मुलगी भेटली होती का.

"भेटली. मी तिला बास्केटबॉलच्या सामन्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आलीच नाही."

"समितीचं?"

पांगने वाडगा खाली ठेवला. "देमिंग, मी माझ्या बायकोला सांगितलं नाही, टीव्हीवाल्यांना सांगेन? माझी बायको दवाखान्यात कामाला होती, म्हणून मी वाचलो. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं असतं." थोडं खाऊन झाल्यावर म्हणाला, "पण तो कागद काही हवेत उडून गेला नाही. कुणीतरी तो फाईलला लावलाच असेल."

लावला ल्युबाईने. कार्मिक खात्यात कारकून होती. ती तर २००४ सालीच गेली. छुन्लानची जिवाभावाची मैत्रीण, शेवटच्या आजारात छुन्लानच तिच्या उशाशी होती. म्हणजे तिच्याकडून बाहेर फुटण्याचा प्रश्नच नाही. तरी मन स्वस्थ नाही.

२४ मार्च

हुओला गाठलं. गिरणीच्या फाटकापाशी, जिथे नोकरी गेल्यावर छुन्लान तेरा वर्षं गार शेवयांची गाडी लावायची, तिथेच ती डबा खात बसली होती. मी म्हटलं, तो एकतिसावा प्रसंग बरोबर नाही, पुरुषांची बदनामी होते.

ती म्हणाली, "काका, निर्मातेही तेच म्हणतायत. त्यांना हवंय की शेवटी नवरा रडतो, बायको माफ करते, सगळे मिळून वर्षाअखेरचं जेवण जेवतात. तुम्हाला काय वाटतं, बायको काय करेल?"

"समजून घेईल. त्याने घरासाठीच केलं. उपप्रमुखाचं पद गेलं असतं तर क्वार्टर गेलं असतं."

"ती गिरणीत राहिली असती तर क्वार्टर गेलं असतं?"

छुन्लान आदर्श कामगार होती. तिच्या नावावरही क्वार्टर मिळालं असतं. पण तेव्हा असं कुणी मनात आणायचं नाही.

मी विषय बदलला. म्हटलं, आमच्या वेळच्या मालिका पाहा. नव्वद साली आमच्या जिन्यात एकच रंगीत टीव्ही होता. सोशीक सुनेची मालिका लागली की साचेखात्यातल्या साऱ्या बायका खुर्च्या घेऊन जमायच्या. ती सून सगळं सोसायची आणि बायका मनसोक्त रडायच्या. आता पाहावं तर सून सासूला उलटून बोलते, घटस्फोट घेते, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेते. नाती जोडणारं काही दाखवतच नाहीत.

"काकूपण त्या मालिकेबद्दल सांगत होत्या," हुओ म्हणाली. "म्हणाल्या, आम्ही इतक्या रडायचो, पण का रडता हे घरातल्या एकाही पुरुषाने विचारलं नाही."

मी घरी आल्यावर छुन्लानला विचारणार होतो, तेव्हा का रडायचीस म्हणून. पण ती दमून झोपली होती.

२९ मार्च

१६२/९८. आज माझं काम. अंगात निळी गिरणीची बंडी घातली आणि मला समितीच्या खोलीत बसवलं. तिसरा माणूस. बोलायचं काही नाही, फक्त बसायचं.

नवऱ्याचं काम करणारा नट भला माणूस आहे. माझ्याकडे वाकून म्हणाला, "काका, असं नाव लिहिताना माणूस पेन कसं धरेल? हात कापेल का?"

"नाही. पटकन लिहील."

"का?"

"थांबला तर लिहिता येणार नाही."

त्याने तसंच केलं. एका झटक्यात. दिग्दर्शक खूश झाला.

नंतर चहाच्या टेबलापाशी छुन्लान नायिकेला काही सांगत होती. मी पाठीमागे होतो. नायिका विचारत होती, बायकोला खरं कळल्यावर ती भांडेल, की थोबाडीत मारेल? तिच्याकडे दोन्ही तऱ्हेची पानं होती.

छुन्लान म्हणाली, "मैत्रिणीकडून कळलं ना तिला? मग भांडणार नाही. भांडली तर मैत्रिणीची नोकरी जाईल. ती संध्याकाळचं जेवण वाढेल. दुसऱ्या दिवशी माहेरी जाईल. नऊ दिवस."

"नऊच का?"

"दहाव्या दिवशी मुलीची परीक्षा आहे."

नायिकेने ते लिहून घेतलं.

३१ मार्च

नऊ दिवस हा आकडा तिने कुठून काढला असेल?

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये ती माहेरी गेली होती खरी. सासूबाई आजारी होत्या. ल्युबाई तिला बसपर्यंत सोडायला गेली होती, पिशवी तिच्याच हातात होती. किती दिवस गेली ते मला आठवत नाही. सासूबाईंना काय झालं होतं तेही आठवत नाही. विचारलं असेलच मी.

बहुधा गोष्ट रंगवताना माणूस आपल्याच आयुष्यातले तुकडे वापरतो. योगायोग आहे. आज दोनदा रक्तदाब मोजला, दोन्ही वेळा यंत्र चुकलं असं वाटलं.

२ एप्रिल

छिंगमिंगच्या, पितरांच्या कबरी झाडायच्या सणाच्या, सुट्टीसाठी यिंग परवा येते आहे, एकटीच. शेन्झेनला पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "आईशी बोलायचंय," म्हणाली. आईशीच का, ते मी विचारलं नाही.

६ एप्रिल

काल काय झालं ते आज सकाळी लिहितो आहे. काल वही उघडलीच नाही.

परवा आईबाबांच्या कबरी झाडून आलो. काल यिंगला घेऊन गिरणीत गेलो, आईचं काम पाहायला. साच्याच्या जवळच्या दृश्यांत नायिकेच्या हातांऐवजी छुन्लानचे हात घेतात. दिव्यांत चार जुने साचे सुरू केले होते. तोच खडखडाट. छुन्लान मधल्या गल्लीतून चालत होती, एका साच्यापासून दुसऱ्यापर्यंत, घाई नाही आणि थांबणंही नाही. तिला असं चालताना मी सव्वीस वर्षांनी पाहिलं. यिंगने तर कधी नीटसं पाहिलंच नव्हतं. तिला आई आठवते ती गाडीमागे, शेवया कापताना. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, आई इतकी चांगली होती कामात?"

"पहिल्या क्रमांकाची," मी म्हटलं.

"मग तिला का काढलं?"

साच्यांच्या आवाजाचा फायदा घेऊन मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुपारी घरी जेवायला बसलो. छुन्लान शेगडीपाशी उभी राहून एकेकाला गरम गरम रुंद शेवया वाढत होती, वरचा एक्झॉस्ट घरघरत होता. यिंगला हुओने मालिकेची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, "आई, मला हे पटत नाही. स्वतःच्या बायकोचं नाव स्वतःच्या हाताने कोण लिहील? हे टीव्हीवाले काहीही दाखवतात."

छुन्लानने मागे वळूनही पाहिलं नाही. "बाबांना विचार," ती म्हणाली. "ते होते त्या खोलीत."

आवाजात राग नव्हता. मीठ कुठे आहे ते सांगावं तसा आवाज. आणि मला एकदम ल्युबाईच्या हातातली पिशवी दिसली, बसच्या पायरीवरची छुन्लान दिसली. सासूबाई आजारी नव्हत्या. सव्वीस वर्षं ही माझ्यासमोर बसून जेवली आणि हिला सगळं ठाऊक होतं. मी ज्याला देवाची कृपा म्हणत होतो, ती हीच बाई होती.

यिंग माझ्याकडे पाहत होती. नाही म्हणता आलं असतं. छुन्लानने मध्ये तोंड घातलं नसतं, याची मला खात्री आहे. कधीच घातलं नाही. पण यिंगला शेन्झेनला उत्तर द्यायचं होतं आणि तिला सल्ला देणारा मी होतो.

मी म्हटलं, "मी लिहिलं."

"काय?"

"तुझ्या आईचं नाव. शिक्काही मी मारला. ड्रॉवरमधून काढून नेला होता. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मग मला…" तोंडातला घास तसाच होता.

यिंगने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग छुन्लानने हात वर करून एक्झॉस्ट बंद केला. खोलीत अगदी शांत झालं. तिने स्टूल ओढलं आणि टेबलापाशी येऊन बसली, समोर वाडगा न घेता.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "मला अर्धंच ऐकू आलं."

मी पहिल्यापासून सांगितलं. प्रमुख काय म्हणाले, मी काय म्हणालो, पेन कुणाचं होतं, अर्ज कुठल्या टेबलावर भरला. घरासाठी केलं असं म्हणणार होतो, पण तिच्याकडे पाहून ते वाक्य गाळलं. माझं पद जाईल याची भीती वाटली, असं सांगितलं. तेच खरं होतं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "माझ्याऐवजी तू घरी बसावंस, हे एकदा तरी मनात आलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "ते सुचलंच नाही."

तिने मान हलवली. ती रडली नाही. यिंग मात्र रडत होती, आईचा हात धरून. कुणी मला काही बोललं नाही, आणि त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं.

९ एप्रिल

यिंगने शेन्झेनला होकार कळवला. जावयाने फोनवर आवाज चढवला, मग विचारलं, मान्मानला कोण सांभाळणार, आई येतील ना?

फोन स्पीकरवर होता. छुन्लान लसूण सोलत होती. "मला शूटिंग आहे जूनपर्यंत," ती म्हणाली. "शांग मास्तर रिकामे आहेत."

शांग मास्तर म्हणजे मी, गिरणीत सगळे तसंच म्हणायचे.

"मला शेवया उकडता येत नाहीत," मी म्हटलं.

"तिथे तांदूळ खातात," छुन्लान म्हणाली.

१० एप्रिल

हुओ आली होती. निर्माते अखेर थोबाडीतही नको आणि गळाभेटही नको, याला तयार झाले आहेत. बायको जेवण वाढते, तिथेच प्रसंग संपतो. मी विचारलं, मग ती माफ करते की नाही ते प्रेक्षकांना कळणार कसं?

हुओ म्हणाली, "पुढचे बारा भाग आहेत ना, काका." तिला बहुतेक सगळं माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही. निघताना वाकून नमस्कार केला तिने, मी खरंच सल्लागार असल्यासारखा.

१३ एप्रिल

छंग्दूच्या गाडीतून लिहितो आहे. यंत्र बॅगेत आहे, मोजलेलं नाही.

बॅग छुन्लानने भरली. मी म्हटलं, मी भरतो. ती म्हणाली, तू भरशील तर पायमोजे राहतील. मग मी भरली आणि तिने पाहिलं. पायमोजे राहिलेच होते. स्टेशनवर यायला तिला वेळ नव्हता, शूटिंगची गाडी येणार होती, म्हणून फाटकापर्यंत आली. अंगात निळी बंडी, केस रुमालात बांधलेले.

आठ दिवस जे विचारायचं टाळत होतो ते तिथे विचारलं. "वर्ष संपल्यावर मी परत येईन, तेव्हा तू इथे असशील?"

"हुओ म्हणते, सिचुआनमध्ये रेशमाच्या कारखान्यावर एक मालिका आहे. तिथेही माणूस लागेल."

"म्हणजे जाणार?"

"विचारलं तर जाईन. यावेळी मला विचारतायत."

मी म्हटलं, छंग्दूही सिचुआनमध्येच की, म्हणजे जवळच. गाडीवाल्याने हॉर्न दिला. चार पावलं जाऊन ती वळली आणि म्हणाली, "मान्मानची शाळा साडेआठला असते. केस विंचरायचे तर आधी टोकाकडून. पोचलास की कळव."

बोगद्यांतून गाडी जाते आहे. माझ्या शेजारची बाई फोनवर मालिका पाहते आहे, बायको कुणाला तरी घराबाहेर काढते आहे, आवाज मोठा. मी दर बोगद्यानंतर फोन पाहतो. अजून पोचलो नाही, तरी "पोचलो की कळवतो" एवढं लिहून पाठवलं. तासभर उत्तर नाही. साचे सुरू असतील, तिला ऐकू आलं नसेल.